स्वप्नातल्या सोबतिणी

पाचगणीच्या धुक्यात बुडालेल्या निद्राशाळेत शर्वाणी रोज दुपारी डोक्यावर स्वप्नजाळी चढवून आडवी व्हायची, आणि तिच्यापुढं एक अंगण उघडायचं. तिथं बायका मटार सोलत बसलेल्या असत आणि ऊन कधी कलतच नसे.

औषधांनी शर्वाणीचं शरीर तिच्या मनाजोगतं होत आलं होतं. अडत होतं ते बोलण्या-वागण्यात. वडिलांच्या गॅरेजात, पुरुषांच्या घोळक्यात, मुलगा म्हणूनच तिची तिशी उलटलेली. चार बायकांत बसली की तिची जीभ टाळ्याला चिकटे. बायका एकमेकींच्या बोलण्यात बोलणं मिसळतात; ही आपली पाळी येण्याची वाट बघत बसे, आणि ती पाळी काही येत नसे.

"आरशासमोर घोकलं तर ती पोपटपंची होते," निद्राशाळेच्या प्रमुख डॉ. कुमुद सरंजामे तिला पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "माणूस वागायला शिकतो तो सहवासात. म्हणून हे सहस्वप्न. तिथल्या सोबतिणी खऱ्या आहेत, आपखुशीनं इथं येऊन झोपणाऱ्या. चेहरे तेवढे आम्ही बदलतो. जाग आल्यावर त्यांना काही आठवत नाही, तुम्हाला आठवतं."

"मग त्यांच्या पदरात काय पडतं?"

"अंगवळणी पडलेलं उरतंच की! ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, तर गुण काय एकालाच लागतो?"

अंगणातली एक नाकेली म्हातारी शर्वाणीला सारखी टोकायची. "अगं, ती एवढं सांगतेय आणि तू नुसती ऐकतेस काय? 'मग गं?' म्हण की!" शर्वाणी 'मग गं?' म्हणायला शिकली, मध्येच तोंड घालायला शिकली, 'निघते हं' म्हणून दारात तासभर रेंगाळायलाही शिकली. एक मात्र जमलं नाही. 'जरा गजरा माळून दे गं' म्हणायला तिला आपल्या जाड आवाजाची लाज वाटे. मग ती मागं न बघता, गजरा धरलेला हात मुकाट्यानं खांद्यावरून मागं न्यायची. कुणीतरी तो तिच्या केसांत माळायचं. हळूहळू अंगणातल्या साऱ्याजणी तसंच करू लागल्या. जागेपणी असं करताना तिनं कुणालाच पाहिलं नव्हतं.

धाकट्या बहिणीच्या, रेवतीच्या, डोहाळजेवणाचं बोलावणं आलं. आईनं शर्वाणीशी अबोला धरून दोन वर्षं झाली होती. "तू ये तर, आईचं मी बघते," रेवती म्हणाली. जगाचं शर्वाणीला फारसं काही नव्हतं. आईनं एकदा लेक म्हणून जवळ घ्यावं, एवढ्यासाठीच तिचा हा सारा खटाटोप होता.

डोहाळजेवणाला जमलेल्या बायकांत ती दुधात साखरेसारखी मिसळली. तिच्या 'मग गं?'वर मामीनं खुशीत येऊन विहीणबाईंच्या सगळ्या उखाळ्यापाखाळ्या काढल्या. आई मात्र तिच्याकडं पाठ करून बसलेली. ती पाठ बघून शर्वाणीला रडू फुटायच्या बेतात होतं.

गजऱ्यांची परडी फिरली. आईनं एक गजरा उचलला आणि मागं न बघता, मुकाट्यानं, खांद्यावरून हात मागं केला.

शर्वाणी आईच्या मागं जाऊन बसली. तिनं तो गजरा आईच्या अंबाड्यात माळला.

"आई... तू तिथं येत होतीस?"

"मला त्यातलं काही आठवत नाही," आई पुढं बघतच म्हणाली. मग तिचा आवाज ओला झाला. "जागेपणी जमत नव्हतं गं मला."

ती वळली. परडीतला आणखी एक गजरा तिनं उचलला.

"बस इथं. पाठ कर माझ्याकडं."