गाळलेलं निवेदन

ही घटना खरी आहे. कुणी मानावी असा माझा हट्ट नाही.

श्रुतिका माझी मावसबहीण. तिच्याशी, तिच्या नवऱ्याशी, आणि त्या दिवशी नाट्यगृहात असलेल्या आणखी दोघांशी मी वेगवेगळं बोललो. सगळ्यांच्या सांगण्यात जे जुळलं, तेवढंच इथे घेतलं आहे.

शेवटचा भाग सोडून. त्याला साक्षीदार फक्त श्रुतिका आहे… आणि थोडासा मी.

गेल्या डिसेंबरातला रविवार. मुलुंडमधलं एक जुनं नाट्यगृह. दुपारचा प्रयोग. बाहेर लख्ख ऊन होतं आणि दाराशी वडे तळले जात होते.

नाटक दिंडोशीच्या एका हौशी मंडळाचं. पूर्वी गाजवलेलं, आता नव्याने बसवलेलं. दिग्दर्शक तेव्हाचेच, शिवदासकाका. मूळचे मालवणचे. रागावले की मालवणीत बोलायचे.

या नाटकात निवेदक रंगमंचावरच उभा असतो. पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत. डाव्या कोपऱ्यात खडूने फुली काढलेली असते, त्या फुलीवर. तो जे सांगेल ते बाकीचे करतात. "तो उठला," म्हटलं की नट उठतो. निवेदकाने सांगितल्याशिवाय कुणी बोटही हलवायचं नाही.

निवेदक होती श्रुतिका.

सुयोग, तिचा नवरा, खाडीवरच्या आंधळ्या नावाड्याचं काम करत होता. शेवटच्या प्रवेशात तो आपली होडी शोधत चालत येतो. त्याचे डोळे खरोखर बांधायचे, हा काकांचा आग्रह. काळ्या कापडाची जाड घडी. काही म्हणजे काही दिसत नसे. तो चालायचा तो फक्त श्रुतिकाच्या शब्दांवर.

"घरी तुझंच ऐकतो, आता इथेही तुझंच," सुयोग म्हणायचा. "फरक काय पडला?"

"इथे लोक टाळ्या वाजवतात," श्रुतिका म्हणायची.

दोघं घरीही सराव करत. घर दिंडोशीलाच, अकराव्या मजल्यावर. डोळ्यांना पट्टी बांधून तो हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत जायचा. एकदाही अडखळला नाही.

नाटकाचा शेवट असा होता… "त्याच्या पायाला वाळू लागली. तो थांबला." आणि अंधार.

पहिली खूण तालमीत दिसली.

श्रुतिका म्हणाली, "तो थांबला." सुयोग थांबला. आणि मग… त्याने पुढचं पाऊल उचललं.

"अरे, संपलं!" प्रकाशयोजना करणारा हर्षद ओरडला. "कुठे निघालास?"

सुयोगने पट्टी वर सरकवली. "ही पुढे बोलली ना. अर्धंच का सोडलंस गं?"

"मी काहीच बोलले नाही."

"'मग त्याच्या पायाला…' असं म्हणालीस की."

"पुढे वाक्यच नाहीये, यार."

हर्षद हसला. "बायको बोलली नाही तरी ऐकू येतं? वाट लागली तुझी."

सगळे हसले.

शिवदासकाका हसले नाहीत. त्यांनी नुसतं म्हटलं, "खुणेवरसून हलू नको हां, श्रुतिका. निवेदक हललो की नाटक बुडला."

प्रयोगाच्या दिवशी नारळ फोडला. तिसरी घंटा झाली. पडदा उघडला. सगळं झकास चाललं होतं.

शेवटचा प्रवेश सुरू झाला. सुयोग पट्टी बांधून, हातात काठी घेऊन मागच्या बाजूला बसला होता. निळा उजेड. श्रुतिकाने तोंड उघडलं…

आवाज आलाच नाही.

घसा दुखत नव्हता. कोरडही पडली नव्हती. आवाजच नव्हता. तिने पुन्हा प्रयत्न केला. ओठ हलले, एवढंच.

मग तिच्या लक्षात आलं की पंख्यांची घरघर थांबली आहे. पंखे फिरत होते. घरघर नव्हती.

आणि त्या शांततेत वाक्य ऐकू आलं.

"नावाडी उठला."

आवाज तिचाच होता. तिच्या मागून आला… अगदी खांद्याजवळून.

सुयोग उठला आणि चालू लागला.

"तो उजवीकडे वळला." सुयोग वळला. "त्याने काठी टाकली." त्याने काठी टाकली. प्रत्येक वाक्य बरोबर. प्रत्येक थांबा बरोबर. प्रेक्षक गुंग झाले होते. फुलीवर उभ्या असलेल्या बाईचे ओठ मिटलेले आहेत, हे कुणाच्याही लक्षात आलं नाही.

तिला मागे वळून बघायचं होतं. मान वळेना.

"त्याच्या पायाला वाळू लागली."

आता 'तो थांबला'. आता अंधार.

"मग त्याच्या पायाला पाणी लागलं."

सुयोग पुढे निघाला.

त्याच्यासमोर रंगमंचाची कड होती. कडेच्या खाली पूर्वी वादक बसत तो खोल खड्डा. आता त्यात मोडक्या लोखंडी खुर्च्या रचून ठेवलेल्या होत्या, पाय वर करून.

विंगेत शिवदासकाका दोन्ही हात हलवत होते. हर्षदला वाटलं, आयत्या वेळी शेवट वाढवला आहे. त्याने उजेड तसाच ठेवला.

"तो थांबला नाही," आवाज म्हणाला.

सुयोग थांबला नाही.

श्रुतिकाने फुली सोडली. कशी सोडली ते तिला आठवत नाही. ती धावली आणि मागून त्याच्या कमरेला मिठी मारली. दोघं धाडकन मागे पडली. सुयोगचा एक पाय कडेबाहेर लोंबकळत होता.

अंधार झाला. टाळ्या पडल्या. खूप टाळ्या पडल्या.

पडदा पडल्यावर दिवे लागले तेव्हा सुयोगची पावलं ओली होती.

"तू फुली सोडून धावलीस ना," हर्षद नंतर तिला म्हणाला, "तेव्हासुद्धा तुझा आवाज फुलीवरूनच येत होता गं. मला वाटलं, रेकॉर्ड केलंय."

शिवदासकाका मेकअपच्या खोलीत बसून होते. श्रुतिका त्यांच्यासमोर उभी राहिली. तिचा आवाज परत आला होता.

"काका, ती वाक्यं कुठली?"

"जुनी," काका म्हणाले. "वनमालाबाईंची."

वनमालाबाई म्हणजे या नाटकाची पहिली निवेदिका. तेव्हाच्या रंगमंचाला पुढे उतरण केली होती. नावाडी त्या उतरणीवरून खाली जायचा, प्रेक्षकांमधून चालत. वनमालाबाई सांगत राहायच्या. नव्या प्रयोगात उतरण करणं जमणार नव्हतं, म्हणून काकांनी शेवटची वाक्यं गाळली आणि 'तो थांबला' हे आपलं वाक्य घातलं.

वनमालाबाई गेल्या वर्षी घाटकोपरला वारल्या. शेवटच्या आजारपणात काका त्यांना भेटायला गेले होते. नाटक पुन्हा करतोय, थोडं छाटलंय, हे त्यांनी बाईंना सांगितलं.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, छाटू नको. निवेदन मधेच तोडलंस तर ते कुणालातरी पुरं करावं लागेल."

"आणि शेवटी नावाड्याचं काय होतं, काका?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"बुडता गे तो."

नाटक बंद केलं. फुली पुसली. इथे ही गोष्ट संपायला हवी होती.

पंधरवड्यानंतरची गोष्ट. सकाळची वेळ. सुयोग बेसिनपाशी तोंड धूत होता. चेहऱ्यावर साबण, डोळे मिटलेले. श्रुतिका ओट्यापाशी भाजी चिरत होती.

पंखा चालू होता. अचानक त्याचा आवाज थांबला…

तिने वळून पाहिलं. सुयोग डोळे मिटून हॉलमधून चालला होता. शांतपणे. गॅलरीच्या उघड्या दाराकडे.

"गुडघ्यापर्यंत आलं पाणी," तो म्हणाला. "सांग ना गं पुढे."

ती काहीच बोलली नव्हती.

पण यावेळी तिला आवाज होता. ती ओरडली, "तो मागे फिरला!"

सुयोग मागे फिरला. तालमीत फिरायचा तसाच.

त्याच्या पायजम्याचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत भिजले होते. बेसिनखालची फरशी कोरडी होती.

तेव्हापासून गॅलरीच्या दाराला कुलूप आहे. जागेपणी तो डोळे मिटत नाही. तो डोक्यावर पाणी घेत असला तरी श्रुतिका दाराबाहेर उभी राहून बोलत असते. पण झोपेत डोळे मिटतातच. म्हणून तो झोपला की ती उशाशी बसते आणि हळू आवाजात तेच सांगत राहते… तो वाळूवर थांबला. तो तिथेच थांबला. तो थांबला.

"किती दिवस करणार?" मी विचारलं होतं.

"मी बोलत असले की दुसरं कुणी बोलत नाही," ती म्हणाली.

गेल्या रविवारी दुपारी मी तिला फोन केला. तिने उचलला, पण तिचा आवाज नीट येईना. पार बसला होता. नुसता श्वास आणि घशातली खरखर.

"सुयोग कुठे आहे?"

"झोप…लाय." एवढं कसंबसं ऐकू आलं.

मग आम्ही दोघंही गप्प झालो. कारण फोनवर मागून, घरातून कुठून तरी, एक बाई बोलत होती.

स्वच्छ, ठाम आवाज. श्रुतिकाचा.

"आतल्या खोलीत जा," मी ओरडलो. "त्याला उठव!"

ती धावली. तो ठीक आहे. अंथरुणातच होता. हाक तिला मारता आली नाही, गदागदा हलवून उठवावं लागलं.

चादर कमरेपर्यंत ओली होती.

श्रुतिकाचा आवाज अजून नीट आलेला नाही. गाळलेल्या भागात यापुढे किती वाक्यं होती, हे शिवदासकाकांना माहीत आहे. मी दोनदा त्यांचा नंबर काढला.

विचारण्याचा धीर होत नाही.