शेवट आधी घेतला

हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेलं आहे. ऐकीव नाही. बराचसा भाग तिने मला स्वतः सांगितला, आणि शेवटचा मी माझ्या गाडीत बसून पाहिला. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मला आता कुणाशी वाद घालायची ताकद नाही.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणतात.

इथे नाही. इथे नोव्हेंबरातली दुपार आहे. इटलीतल्या पो नदीच्या बंधाऱ्याखालचं जुनं दुमजली घर आहे, आणि धुकं आहे. ते आमच्याकडे त्या दिवसांत असतंच.

मावशीचं नाव ऑर्नेल्ला. सिनेमाच्या शूटिंगवर काम करायची. कुठल्या प्रसंगात कुणाच्या हातात कप होता, पडदा उघडा होता की बंद, हे ध्यानात ठेवायचं तिचं काम. सिनेमा कधीच पहिल्या पानापासून शूट होत नाही, सोय बघून पुढचंमागचं घेतात. तो सगळा गुंता मावशीच्या डोक्यात सरळ लागलेला असायचा. दुइलिओ काका, तिचा नवरा, आवाज रेकॉर्ड करायचा. दोघांचे केस याच धंद्यात पांढरे झाले. हा शेवटचा सिनेमा करायचा आणि किओज्जा गावातल्या आपल्या घरी स्वस्थ बसायचं, एवढंच मावशीला हवं होतं.

सिनेमा झपाटलेल्या घराचा होता. मावशीला असले सिनेमे तोंडपाठ.

"सगळ्यांचा सांगाडा एकच गं, नीव्ज," ती मला म्हणायची. "कुटुंब राहायला येतं. मग नमनाला घडाभर तेल. पहिली टकटक होते. वस्तू जागा बदलतात. मग पावलं वाजतात, भिंतीत कोणीतरी रडतं. बाप म्हणतो, उंदीर आहेत. शेवटी सगळी दारं धाडधाड आपटतात, घर एकाला ठेवून घेतं आणि उरलेले पळतात. प्रेक्षक घरी जाऊन जेवतात."

यातही तेच होतं. शेवटी आई आणि मुलगी गाडीतून निघून जातात. बाप वरच्या खिडकीत उभा राहतो, पाठमोरा. तो घराचा झाला.

घर आधीच पडकं होतं. त्यामुळे दिग्दर्शकाने, रुज्जेरोने, हिशेब सोपा केला. मोडकंतोडकं घर लागतं ते शेवटचे प्रसंग आधी घ्यायचे. मग रोज थोडी डागडुजी, थोडा रंग. आणि कुटुंब राहायला येतं तो पहिला प्रसंग सगळ्यात शेवटी, घर छान दिसायला लागलं की.

आधी कळस, मग पाया. सिनेमावाल्यांना त्यात काही वाटत नाही.

पहिल्याच दिवशी रेल्वेचा संप झाला. बापाचं काम करणारा नट रोममध्येच अडकला.

"पाठमोराच तर उभा राहायचाय," रुज्जेरो म्हणाला. "पाठ कुणाचीही चालेल. दुइलिओ, घाल रे तो कोट."

"त्याची पाठ सगळ्या देशाला दाखवणार?" मावशी म्हणाली. "मी इतकी वर्षं सोसतेय तेवढं पुरे नाही का?"

सगळे हसले. काकाही हसला. कोट घालून वर गेला आणि खिडकीत उभा राहिला.

शॉट एकदाच घेतला. चांगला झाला.

आणि मग...

वरच्या मजल्यावरची सगळी दारं एकदम आपटली.

वारा नव्हता. धुक्यात वारा नसतोच. जिन्याचा कठडा निखळला, खाली उभ्या असलेल्या वायरमनचा हात मोडला. काका वरच्या खोलीत अडकला. दार कुऱ्हाडीने फोडावं लागलं. आत तो शांतपणे उभा होता, अजून पाठमोराच.

"काय रे, ऐकू नाही आलं?" मावशी ओरडली.

"काय ऐकू यायचं होतं?" काका म्हणाला.

जन्मभर आवाजच ऐकत आलेला माणूस तो.

काही जण त्याच दिवशी काम सोडून गेले. बाकीचे राहिले, कारण घरी बसून कोण खायला घालतं?

पुढच्या दिवसांत जिन्याजवळच्या भिंतीतून रडणं ऐकू यायचं. बारीक, दमलेलं. मग तेही थांबलं. नंतर नुसती पावलं. रंगारी म्हणाला, नवीन लाकूड वाजतं. मग पावलंही गेली, आणि वस्तू तेवढ्या इकडच्या तिकडे व्हायच्या. मावशी वैतागायची, कारण कप हलला की बोलणी तिला बसायची.

दिवसेंदिवस सगळं कमी होत गेलं. रंग लागला, काचा बसल्या, अंगणात कुंड्या आल्या. घर माणसाळलं, असं सगळे म्हणायला लागले. मावशीलाही बरं वाटलं. थकली होती ती. कमी झालेला त्रास कोण तपासत बसतं?

शेवटच्या दिवशी पहिला प्रसंग घेतला. कुटुंब सामान घेऊन येतं, आई दारात म्हणते, "झालं, आलो आपल्या घरी."

रुज्जेरो 'कट' म्हणाला. टाळ्या पडल्या. कोणीतरी प्रोसेक्को वाइनची बाटली उघडली.

"अरे थांबा, मला खोलीची शांतता घ्यायचीय," काका म्हणाला.

साउंडवाल्यांची ही रीतच असते. काम संपलं की सगळ्यांनी जागच्या जागी गप्प उभं राहायचं. रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करायचा, पुढे प्रसंगांच्या जोडकामाला लागतो.

सगळे हातात पेले धरून उभे राहिले. कोणी श्वासही मोठ्याने घेत नव्हतं.

शांतता...

आणि वरून एक टकटक.

एकच. अगदी हळू.

सगळे खदाखदा हसले. "संपलं बिचारं!" रुज्जेरो म्हणाला. "दारं आपटायचं ते आता एका टकटकीवर आलं!"

मावशी हसली नाही. इतके दिवस जे घडलं, ते तिच्या डोक्यात आपोआप सरळ लागत होतं. दारं आपटली, मग रडणं, मग पावलं, मग कप, मग टकटक. ते संपत आलं नव्हतं. घर त्यांच्यासोबत उलटं चालत आलं होतं, शेवटापासून सुरुवातीपर्यंत. आणि आत्ता, त्यांच्यासमोर, कोणीतरी दारात उभं राहून घराला सांगितलं होतं, आलो आपल्या घरी.

इथून पुढे ते सरळ चालणार होतं.

निघून जायचा प्रसंग तर घेऊन झाला होता. आणि त्यात मागे राहिलेला माणूस नट नव्हता, तिचा नवरा होता.

"दुइलिओ, चल," ती म्हणाली. "सामान राहू दे. आत्ताच्या आत्ता चल."

"वेडी आहेस का? मशीन कोण उचलेल?"

पण आला. दोघं किओज्जाला घरी आले. महिनाभर काही झालं नाही. मावशीने सार्डिन मासे तळले, सुट्टी घेतल्यासारखी झोपली.

मग एका सकाळी स्वयंपाकघराच्या भिंतीत टकटक झाली.

"शेजारचे असतील," काका म्हणाला.

मग कप जागा बदलायला लागले. मावशीने एकदा पाळत ठेवून पाहिलं. ते काकाच हलवत होता. त्या नदीकाठच्या घरात जिथे असायचे, तसे मांडत होता. विचारलं तर म्हणाला, "इथेच असतात ना?"

मग पावलं. भर दुपारी, काका समोर खुर्चीत झोपलेला, आणि डोक्यावर कोणीतरी चालतंय. मावशीचं घर वरच्या मजल्यावर. त्याच्यावर फक्त कौलं.

पुढे काय येणार हे प्रत्येक वेळी तिला आधीच ठाऊक असायचं. मला वाटतं, त्यानेच ती जास्त दमली.

एकदा पोलेंता, मक्याची उकड, वाढताना काकाने तिला अगदी साधेपणाने विचारलं, "आपण घरी कधी जायचं?"

"घरीच तर आहोत रे."

तो पानात बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मावशीने रुज्जेरोला फोन केला. मी शेजारीच होते.

"शेवट परत घे," ती म्हणाली. "बाप घराबाहेर येतो असा. पैसे नको देऊस. मी पाया पडते तुझ्या."

"ऑर्नेल्लाबाई, बाप बाहेर आला तर सिनेमात उरलं काय? कपाळ? विश्रांती घ्या तुम्ही."

त्याने फोन ठेवला. मावशीने हात टेकले नाहीत. मला म्हणाली, "नीव्ज, गाडी काढ. मीच घेते."

भिंतीतलं रडणं त्याच पहाटे सुरू झालं होतं. म्हणजे पुढे फक्त दारं उरली होती.

दुपारी पोचलो. धुकं होतं. काका वाटभर खुशीत होता, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. गाडी थांबताच उतरला आणि सरळ आत गेला. दाराला कुलूप नव्हतं.

मावशीची योजना साधी होती. तो आतून बाहेर येणार, ती मोबाइलवर शूट करणार, म्हणजे घराला शेवट मिळेल आणि तिला नवरा. ती अंगणात उभी राहिली, मोबाइल धरला.

"ॲक्शन," ती म्हणाली.

कोणी आलं नाही.

"दुइलिओ! ये बाहेर. चालत ये माझ्याकडे."

मला वरची दारं दिसत नव्हती. पण आवाज आला. या वेळी आपटली नाहीत. एकामागून एक, हळूच, घरातला माणूस लावतो तशी लागत गेली.

मग काका उंबऱ्याच्या आत येऊन उभा राहिला. पायात सपाता. त्याने मावशीकडे पाहिलं, ओळखीचं काहीही नव्हतं त्या बघण्यात. फक्त चांगुलपणा होता.

"कोण हवंय आपल्याला?" तो म्हणाला. "बाहेर फार गारठा आहे."

मावशीने मोबाइल खाली केला.

मी खिडकीतून डोकं काढून किंचाळले, "मावशी, परत फिर! मी येते, थांब!" आणि मी उतरले नाही.

ती वळली. रडली नव्हती. नुसती दमलेली दिसत होती.

"कंटाळा आला गं," ती म्हणाली. "किओज्जाच्या घरात तो माझ्यासमोर बसायचा आणि मी एकटी असायची. तो इथे आहे, तर मी तिकडे जाऊन करू काय?"

मग उंबऱ्याशी उभी राहून तिने विचारलं, आमच्याकडे परक्याच्या घरात पाय टाकताना विचारतात तसं, "येऊ का?"

"या, या," काका म्हणाला.

दार लागलं.

मी पोलिसांना घेऊन परत गेले. दोघं टेबलाशी जेवत होते. तब्येती ठणठणीत. घर त्यांनी मालकाकडून रीतसर भाड्याने घेतलं होतं म्हणे. पोलीस मला म्हणाले, बाई, म्हातारी माणसं सुखाने राहतायत, तुमचं काय जातं?

खरंच, माझं काय जातं?

मावशी रविवारी फोन करते. आवाज अगदी ताजा असतो. इतकी विश्रांती घेतलेली ती मला कधीच वाटली नव्हती. थकवा आता माझ्याकडे आलाय. मागे काही आवाज येतो का, म्हणून मी फोनभर कान देऊन बसते. काहीच नसतं. साधी शांतता.

गेल्या रविवारी ती म्हणाली, "नीव्ज, तुम्ही दोघी कधी येताय?"

मी एकटी राहते.

दोघी म्हणजे कोण, हे मी विचारलेलं नाही.