फुबाने निरोप घेतला नाही

इरासी मावशी माझ्या आईची सख्खी बहीण. भांडखोर आहे, तोंडाळ आहे, पण खोटारडी नाही. म्हणून सांगते, हे घडलेलं आहे. पटत नसेल त्याने इथेच थांबावं.

गाव उबेराबा, ब्राझीलमधलं. जुलै एक्क्याण्णव, शुक्रवार.

आणि रात्र नव्हती हं. सकाळ होती. स्टुडिओतले सगळे दिवे लख्ख चालू होते.

तेव्हा आमच्या गावच्या टीव्हीवर रोज सकाळी कार्टून लागायची. ती दाखवायचा फुबा. मक्याच्या पिठासारखं पिवळं, कापडी माकड. दोन कार्टूनच्या मधे तो मुलांची थट्टा करायचा, दूध संपवा म्हणून ओरडायचा. त्याला बघितल्याशिवाय आम्ही पोरं शाळेला निघत नसू.

फुबाला चालवायला दोन माणसं लागत. दोघं टेबलाखाली उताणी पडायची. मावशीचा हात फुबाच्या तोंडात, आवाजही तिचाच. फुबाचा उजवा हात मात्र दुर्वालचा. वर बाहुलीकडे बघायचं नाही, पायाशी ठेवलेल्या छोट्या टीव्हीत बघायचं, ही त्या कामाची रीत.

दुर्वाल महा खोडकर. फुबा गोड गोड बोलायला लागला की त्याचा हात हळूच नाक खाजवायचा. काही सुचलं की दुर्वाल मावशीच्या कोपराला दोनदा टकटक करायचा. म्हणजे, थांब, बोलू नकोस, आता माझी पाळी.

मे महिन्यात दुर्वाल गेला. कामावर येताना, बसमध्येच, छाती धरून.

मालक वाल्देमीर साहेबांनी दुसरा माणूस घेतला नाही. फुबाची उजवी बाही सेफ्टी पिनेने पोटाशी टाचून टाकली.

मावशीला ते फार लागलं. पण ती एकटीने फुबाला चालवत राहिली.

त्या शुक्रवारी साहेब कॉफीचा कप घेऊन आत आले.

"इरासीबाई, आज शेवटचा कार्यक्रम. सोमवारपासून या वेळेला गुरांचा लिलाव. फुबाला मुलांचा निरोप घ्यायला लावा."

"सकाळी सकाळी बैल कोण बघणार, साहेब?"

"बैल घेणारे. तुमची पोरं काय घेतात?"

"मग निरोप तुम्हीच घ्या. माझ्या तोंडून निघायचा नाही."

"घेईन की! माकडाच्या तोंडात हात घालायला काय शिकावं लागतं?"

मावशीचं डोकं फिरलं. पण या माणसाच्या तोंडून पोरांना ते कळण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं, असं तिला वाटलं. ती टेबलाखाली जाऊन पडली.

लाल दिवा लागला. थेट प्रक्षेपण सुरू.

"पोरांनो," फुबा म्हणाला, "आज मला तुम्हाला एक सांगायचंय..."

टक. टक.

मावशीच्या कोपरावर...

तिने बाजूला बघितलं. जागा रिकामी होती.

काहीतरी लागलं असेल, असं म्हणून तिने पुन्हा तोंड उघडलं. "सोमवारपासून तुमचा फुबा..."

आणि तिची बोटं आवळली गेली.

फुबाच्या तोंडात होती ती बोटं. बाहेरून कुणीतरी ते तोंड घट्ट मिटून धरलं होतं...

छोट्या टीव्हीत तिला दिसलं. फुबाचा उजवा हात त्याच्याच तोंडावर होता.

तेव्हा मावशीने रीत मोडली. तिने वर बघितलं.

बाही पोटाशी होती. पिन तशीच.

टीव्हीत हात तोंडावर. डोळ्यांसमोर मात्र बाही रिकामी, टाचलेली. आणि बोटं सुटत नाहीत...

वरच्या कंट्रोल रूममधून साहेबांनी चिडून कार्टून लावून दिलं आणि तरातरा खाली आले.

"हा काय चावटपणा? द्या इकडे!"

त्यांनी फुबा हिसकावला. स्वतःच्या शर्टाची बाही वर सारली. हात आत घातला, थेट कोपरापर्यंत.

आणि ते तसेच उभे राहिले.

कॅमेरावाला जेर्सन म्हणाला, "काय झालं, साहेब?"

"आत... आत कुणाचा तरी हात आहे."

"तुमचाच असेल!" जेर्सन हसला.

साहेब हसले नाहीत. त्यांनी हात उपसून काढला, फुबा टेबलावर टाकला आणि सरळ मोरीकडे गेले. किती तरी वेळ आतून नळाचा आवाज येत होता.

कार्टून संपत आलं होतं. मावशी घाबरली होती. पण भीतीपेक्षा राग जास्त होता, असं ती आजही म्हणते. तिने फुबा उचलला, डोळे मिटले, हात आत घातला आणि लाल दिवा लागताच ओरडली,

"सोमवारी भेटू रे पोरांनो! जो येणार नाही तो बैल!"

आता सगळ्या गावाने ऐकलं. साहेब काय करणार? लिलाव दुपारी गेला. फुबा पुढे कित्येक वर्षं सकाळीच राहिला.

मी एकदा विचारलं, "मावशी, त्यानंतर रोज हात कसा घालायचीस गं?"

"त्यात काय? म्हणायचे, सरक जरा."

"मग?"

"मग सरकायचा."

आता मावशीचा खांदा गेलाय. गेल्या रविवारी जेवणं झाल्यावर तिने फुबाला माझ्या मांडीवर ठेवलं.

"माझा हात वर होत नाही. आता तू घाल. पोरांना हसव."

मी हात त्याच्या तोंडाशी नेला... आणि मागे घेतला.

"घाबरट!" मावशी म्हणाली.

असेन मी घाबरट. पण त्या कापडाच्या आतून ऊब येत होती.