काळा डाग आणि हिरवा बेडूक

"या खोलीचं दार आतून उघडत नाही हं! काम झालं की लगेच बाहेरून कडी घालायची," चित्रकलेच्या बाईंनी सकाळीच बजावलं होतं.

"हो हो, बाई!" म्हणत तायडीनं मान डोलावली होती. सातवीतल्या मुलीला काय दार लावायला शिकवायचं! रंगमंचामागच्या त्या खोलीत जुन्या नाटकांचे पुठ्ठ्याचे देखावे कोंबून ठेवले होते. तिथून पताका उचलून ती पळाली, आणि दार राहिलं सताड उघडं!

आता दुपार झाली होती आणि शाळेच्या हॉलमध्ये नुसती धांदल उडाली होती. सुट्टीतल्या चित्रवर्गाचा आज शेवटचा दिवस. मुलांनी आपापल्या टॅबवरून एकाच ऑनलाइन फळ्यावर मिळून समुद्रातलं शहर रंगवलं होतं. फळ्यावर प्रत्येकाला एकेक प्राणी मिळाला होता. जो चित्र काढेल त्याचा प्राणी रेघेच्या टोकाशी दिसायचा. ते शहर आज मोठ्या पडद्यावर पालकांना दाखवायचं होतं.

आणि ऐन वेळी ते शहर काळं पडायला लागलं!

कोपऱ्यातून काळ्या रेघोट्या सरसर पसरत होत्या.

"ऑक्टोपस चिडला! शाई सोडली त्यानं!" वर्गातला वटवट्या ओरडला.

"गप रे! माझा प्रवाळाचा राजवाडा गेला!" चष्मिस रडवेली झाली. सगळ्या वर्गात फळ्याची खडान्खडा माहिती तिलाच होती.

"व्हायरस असणार," शिपाईकाका जाता जाता म्हणाले. "बंद करून चालू करा, म्हणजे झालं."

"पालक यायला लागलेत! मी फळाच बंद करते," बाई घाईघाईनं संगणकाकडे वळल्या.

तायडी मात्र पडद्याकडे टक लावून बघत होती. रेघोट्यांच्या टोकाशी एक हिरवा बेडूक उड्या मारत होता.

"थांबा, बाई! हा तर छकुलीचा बेडूक आहे!"

छकुली म्हणजे तिची पाच वर्षांची बहीण. ती रोज तायडीचं शेपूट होऊन यायची, म्हणून बाईंनी लाडानं तिलाही शाळेचा एक टॅब दिला होता.

"ती मघाशीच मावशीबरोबर घरी गेली ना? तिथूनच गिरगटत असेल," खुर्च्या मांडायला आलेले तायडीचे बाबा म्हणाले.

"शाळेचा टॅब घेऊन? बाबा, मावशीला फोन लावा!"

"अगं, उगाच कशाला..."

"लावा ना!"

बाबांनी फोन लावला. मावशीचा आवाज शेजारी उभ्या तायडीलाही ऐकू आला. "माझ्याबरोबर? अहो भावोजी, ती तुमच्याजवळ आहे ना?"

बाबांच्या हातातली खुर्ची धाडकन पडली. पुढच्याच क्षणी ते फाटकाकडे धावत सुटले.

"हे बंद करते आणि मीही शोधायला जाते!" बाईंनी संगणकाच्या बटणावर बोट ठेवलं.

"नको, बाई!" चष्मिस आडवी आली. "बेडूक हलतोय तोवर छकुली आपल्याला काहीतरी सांगतेय! फळा बंद केलात तर तेही थांबेल!"

तिनं ‘पुन्हा पाहा’ हे बटण दाबलं. फळ्याला प्रत्येक रेघ आठवत होती. काळं सगळं नाहीसं झालं, आणि बेडकानं आधी काय काय काढलं होतं ते क्रमानं उमटू लागलं. पिवळा चंद्र, त्याच्या पाठीला काठी. मग अर्धीच होडी. मग एक झाड, मागून तिरप्या पट्टीचा टेकू दिलेलं.

"चंद्राला काठी? पाय मुरगळला वाटतं बिचाऱ्याचा," वटवट्या म्हणाला, पण कुणीच हसलं नाही.

"छकुली मनातलं कधी काढत नाही. समोर दिसेल तेच काढते," तायडी पुटपुटली. "टेकू दिलेलं झाड... काठीवरचा चंद्र..." आणि ती ताडकन उठली. "पुठ्ठ्याचे देखावे! मागच्या बाजूनं बघितले तर असेच दिसतात!"

"आणि मग एकदम सगळं काळं?" चष्मिसनं विचारलं.

"दिवा गेला!" तिघं एका सुरात ओरडली.

तिघं रंगमंचामागे धावली, तर शिपाईकाका समोर आले. "तिकडे कुठे निघालात? ते दार उघडं होतं, मी कडी घातली, दिवाही बंद केला. आत कुणी नव्हतं."

"आत जाऊन बघितलंत, काका?"

काका घुटमळले. "दारातून... ओझरतं बघितलं होतं."

तायडीनं कडी ओढली आणि बाहेरचं दिव्याचं बटण दाबलं. पुठ्ठ्याच्या चंद्रामागे, भिंतीला चिकटून छकुली बसली होती. मांडीवर टॅब. बोट अजून चालूच! घाबरली की ती रडायची नाही, मुकी व्हायची.

"ताई," ती हळूच म्हणाली, "सगळं काळं झालं, म्हणून मी काळं काढलं. पण ते संपतच नाही गं!"

तायडीनं तिला असं कवटाळलं की टॅब दोघींच्या मध्ये चेपला. वटवट्याची आरोळी ऐकून बाबा धापा टाकत आले आणि दोघींना मिठीत घेऊन मटकन खालीच बसले.

"दार मीच उघडं टाकलं होतं, बाबा," तायडी मुसमुसली.

"आणि मी? कुणालाही न विचारता खुर्च्या मांडत बसलो!" बाबांनी डोळे पुसले.

"आम्ही मोठी माणसं नुसती धावत सुटलो. तुम्ही चित्र वाचलंत! शाब्बास, पोरांनो!" बाई म्हणाल्या. शिपाईकाकांनी कान पकडले. "यापुढे आत पाऊल टाकल्याशिवाय कडी घालणार नाही!"

"मग आता ते काळं पुसू का?" हॉलमध्ये परतल्यावर वटवट्यानं विचारलं.

छकुलीनं नकाराची मान हलवली आणि त्या काळ्यात एक पिवळा ठिपका काढला. "मासा. दिवा लावलेला."

बघता बघता साऱ्या वर्गाचे टॅब निघाले. समुद्राच्या तळाशी दिवेच दिवे पेटले! तेवढ्यात मावशी पळत आली, एका पायात चप्पल आणि दुसऱ्यात बूट. ते बघून छकुली खुदकन हसली, आणि मग सगळा हॉलच हसत सुटला.

आणि वाचणाऱ्या दोस्ता, तुझ्या घरातलं धाकटं आत्ता कुठे आहे? "असेल कुणाजवळ तरी," असं म्हणू नकोस. पुस्तक पालथं ठेव, ऊठ, आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघून ये.