सोपानरावांचा नंबर

लोक दसऱ्याआधी घराला चुना लावतात, साहेबराव डोळ्यांचा नंबर तपासून घेत असे. पिंपरीतल्या एका कंपनीत इंजिनाच्या सुट्या भागांची तपासणी करणारा माणूस तो. केसाएवढी चीर नजरेतून सुटली तरी अख्खा माल परत यायचा, आणि ज्याचे डोळे मंदावले त्याला खात्यातून उचलून गोदामात टाकत. म्हणून कॅम्पातल्या ताहिलरामच्या चष्म्याच्या दुकानात त्याची दर वर्षी फेरी ठरलेली. बायको कस्तुरा त्याला चिडवायची, की घरच्या माणसांकडं बघायला सवड न्हाई आणि डोळ्यांची निगा मात्र देव्हाऱ्यासारखी.

शेजारच्या टेबलावरचे सोपानराव नेमके उलटे. वर्षानुवर्षं तोच चष्मा. साहेबराव मागे लागला की म्हणत, "दिवाळी होऊ दे, मग बघू." तपासणीत हाताच्या सवयीवर निभावून जायचं, रस्त्यावर मात्र निभावलं नाही. उन्हाळ्यात मुंबई रस्ता ओलांडताना त्यांना समोरून येणारा ट्रक दिसला नाही. माणूस जागीच गेला आणि चष्म्याला साधा ओरखडा नव्हता. त्यांच्या बायकोनं, गोजाबाईनं, तो घरात नको म्हणून खात्यात पाठवून दिला. तिथं तो खणात पडून होता.

खंडेनवमीला यंत्रं बंद असत आणि ज्याचं जे हत्यार ते पूजेला लागे. फिटरांचे पाने, कानशी, टर्नरची पाती. तपासणीवाल्यांचं खरं हत्यार म्हणजे डोळे. ते काढून ठेवता येत नाहीत, म्हणून ते मायक्रोमीटरशेजारी आपापले चष्मे मांडत. त्या वर्षी कुणीतरी आठवणीनं सोपानरावांचाही मांडला. हळदकुंकू वाहिलं, आरती झाली, नारळ फुटला, आणि मग दरवर्षीची गंमत सुरू झाली. चष्म्याशिवाय चष्मा शोधायचा. सगळ्यांना कंपनीनं दिलेली एकाच साच्यातली काळी फ्रेम, त्यात काचा कुंकवानं माखलेल्या. साहेबरावनं हाताला आला तो उचलला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि डोळ्यांवर चढवला. सगळं स्वच्छ दिसलं. माणूस आणखी काय बघणार?

संध्याकाळी शेवंता दारातच पायांना बिलगली. त्याची एवढीशी पोर. तिला उचलून त्यानं तोंडाजवळ आणलं, तर तिच्या चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट गोळा. मागची भिंत दिसत होती, भिंतीवरची पाल दिसत होती. त्यानं चष्मा काढला तेव्हा बिजागरीला गुंडाळलेली तांब्याची तार बोटाला लागली. ती तार त्यानंच सोपानरावांना बांधून दिली होती.

दसरा सरल्यावर त्यानं खात्यातून आपला चष्मा शोधून घातला. आता त्यातून काहीच धड दिसेना. मायक्रोमीटरवरच्या रेघा एकमेकींत मिसळल्या. गोदामात गेलेला माणूस परत खात्यात आल्याचं त्यानं पाहिलं नव्हतं. तो तडक ताहिलरामकडे गेला.

ताहिलरामनं काचा बदलबदलून पाहिल्या. मग त्यानं नंबरांची वही उघडून पाहिली.

"साहेबराव, हा तुमचा नंबर नाही," तो म्हणाला. "सोपानराव होळीला आले होते. नंबर काढून गेले, चष्मा न्यायला आलेच नाहीत. दोन्ही डोळ्यांचा हाच नंबर निघाला होता. काचा घासून तयार आहेत."

घेऊ नये असं साहेबरावला फार वाटलं. पण दुसऱ्या कुठल्याच काचेतून फळ्यावरचं अक्षर लागेना. त्यानं तो चष्मा घेतला.

नोकरी वाचली. उलट चीर अशी दिसू लागली की वरचे साहेब वाहवा करू लागले. घरात मात्र आधी चेहरे गेले, मग हात गेले. कस्तुरा भाकरी वाढायची तेव्हा भाकरी दिसे, वाढणारी दिसत नसे. चष्मा काढला तर सगळंच धूसर. तो रडला. भीती वाटते, असं त्यानं बायकोला सरळ सांगितलं. ती म्हणाली, "नदर लागली आसंल कुणाची," आणि मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. त्यानं काही फरक पडला नाही.

तारेचा तो जुना चष्मा परत करावा म्हणून तो गावठाणात गोजाबाईकडे गेला. गल्लीच्या तोंडाशीच तो थबकला. पार टोकाला उंबऱ्यात बसलेली ती त्याला दिसली. हनुवटीवरचं गोंदण दिसलं. लुगड्याला घातलेला टाका दिसला. कित्येक दिवसांत त्याला माणसाचं तोंड एवढं स्पष्ट दिसलं नव्हतं, आणि लाज वाटली तरी बघतच राहावंसं वाटलं.

गोजाबाईनं चष्मा हातात घेतला नाही.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "डोळ्याला लागलाय न्हवं?"

शेवटचा उपाय म्हणून कस्तुरा स्वतः त्याला ताहिलरामकडे घेऊन गेली. शेवंताही बरोबर होती. ताहिलरामनं कस्तुराला समोरच्या खुर्चीत बसवलं आणि तो एकेक काच घालत गेला.

"आता?"

"न्हाई."

"आता?"

खुर्ची दिसली. खुर्चीच्या वेताची वीण दिसली. पाठीशी एक वेत तुटला होता, तोही दिसला.

"दिसती का व्हो मी?" खुर्चीतून कस्तुराचा आवाज आला.

ताहिलरामनं काचांची पेटी मिटली. नंबर बरोबर आहे, असं तो खाली मान घालून म्हणाला.

ते घरी निघाले. साहेबराव मधे चालत होता. डावीकडे बांगड्या वाजत होत्या. उजव्या हाताचं बोट शेवंतानं धरलं होतं.

गावठाणाच्या फाट्याशी त्याचे पाय वळले.

"आवो, घर हिकडं हाय," कस्तुरा म्हणाली. तिनं दंड धरून ओढलं. त्याला थांबायचं होतं. पाय थांबेनात.

बांगड्यांचा आवाज मागे पडत गेला, आणि मग आलाच नाही.

गल्लीच्या टोकाला गोजाबाई उभी होती. तिनं दारात पाण्याची बादली ठेवली होती.

"किती उशीर," ती म्हणाली. "हातपाय धुऊन घ्या."

त्यानं मागे वळून पाहिलं. गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत लख्ख दिसत होती. दगड न् दगड मोजून घ्यावा इतकी. तिच्यात कुणीही नव्हतं.

उजव्या हाताचं बोट कुणीतरी घट्ट धरून ठेवलं होतं.