पुलावर बस दिसली की हजर

"त्या सीटवर बसू नका, तिथे छत गळतं," असं मी म्हणेपर्यंत तो बसलाही होता.

चौदा नंबरच्या बसची चौथी सीट. आमच्या भागातलं शेंबडं पोरही तिथे बसत नाही. जानेवारीचा दुसरा आठवडा होता आणि बाहेर धड पाऊस नाही, धड बर्फ नाही असं काहीतरी पडत होतं. वरून एक थेंब त्याच्या मानेवर पडला, मग दुसरा. तो शांतपणे उठला आणि माझ्या शेजारी येऊन बसला.

"उशिरा सांगितलंत," तो म्हणाला.

"नवीन माणूस भिजला की दिवस बरा जातो. कुठे निघालात?"

"हॅरो रस्त्यावरच्या शाळेत."

"अरे वा, मी तिथेच शिकवते. पाचवीला. पण जरा जपून हं, आज तिकडे राज्याची माणसं येणार आहेत."

"कशी असतात ती?"

"पायात राजधानीतले बूट. मुलांकडे न बघता मुलं मोजतात."

त्याने पाय हळूच सीटखाली ओढून घेतले. माझं लक्षच गेलं नाही. माझ्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की आईसुद्धा थांबवू शकत नाही.

आदल्या उन्हाळ्यात राज्य सरकारने शहरातल्या सगळ्या शाळा ताब्यात घेतल्या होत्या. आम्ही निवडून दिलेलं शाळा मंडळ घरी बसलं आणि वर प्रशासक आला. शिक्षकांनी आपल्याच नोकरीसाठी नव्याने अर्ज करायचे होते. एप्रिलमध्ये तीन शाळा बंद होणार होत्या. यादीत आमचं नाव होतं, कारण आमची गैरहजेरी फार.

"आणि ती फार का, ते ऐका," मी त्याला सांगितलं. "हजेरी आठ वाजून पाच मिनिटांनी बंद होते. राज्याचा नवा नियम. त्यानंतर आलेलं मूल दिवसभर वर्गात बसलं तरी गैरहजर. माझी अकरा मुलं हिच्या नंतरच्या बसने येतात. ती पोचते आठ बाराला."

"मग?"

"मग काय, माझ्या वर्गाच्या खिडकीतून पूल दिसतो. आठ चारला बस पुलावर दिसली की मी अकराही जणांना हजर लावून मोकळी."

तो हसला नाही. मला ते जरा खटकलं.

शाळेच्या थांब्यावर तोही उतरला. त्याने हात पुढे केला. "वेंडेल प्रूइट. राज्याकडून आलोय. बूट तुम्ही ओळखायला हवे होते."

मी आत्ता कुठे त्याच्या बुटांकडे पाहिलं. "आता काय करणार तुम्ही?"

"आत्ता? पाय कोरडे करणार."

त्या दिवशी तो मुख्याध्यापकांबरोबर माझ्या वर्गाच्या दारात उभा राहिला. आठ चारला पुलावर बस दिसली. संगणकावरच्या हजेरीपाशी माझं बोट थांबलं... आणि मग मी अकराही जणांना हजर लावलं. त्याने ते पाहिलं आणि तो निघून गेला. महिनाअखेरीला मी घरी बसणार, हे मी धरून चालले.

पण काहीच झालं नाही. तो मात्र रोज बसमध्ये असायचा. मी चढायचे तेव्हा शेजारची जागा त्याने पिशवी ठेवून धरलेली असायची. शाळेच्या थांब्यावर तो माझ्याबरोबर उतरायचा आणि "कॉफी घेऊन येतो" म्हणत रस्ता ओलांडायचा. शाळेत नंतर कधी दिसायचा नाही. वरच्या मजल्यावर कागदात डोकं घालून बसत असेल, अशी माझी समजूत.

"अहवालात माझ्याबद्दल काय लिहिताय?" मी एकदा विचारलं.

"त्यावर आपण बोलायचं नाही."

"मग कशावर बोलायचं?"

"तुमच्या डब्यावर. कालच्यापेक्षा आज वास जास्त चांगला येतोय."

आईने पस्तेल, म्हणजे आमच्याकडच्या माशाच्या करंज्या, तळून दिल्या होत्या. आमचं घर मूळचं केप व्हर्द बेटांवरचं, आत मासा नसेल तर आई त्याला खाणं म्हणत नाही. मी एक त्याला दिली. त्याने ती एवढी हळू खाल्ली की दुसरी द्यावीच लागली.

"मुद्दाम करता हे," मी म्हणाले.

"कळलं का? मला वाटलं, निदान महिनाभर तरी खपेल."

काचेवर वाफ धरायची, ती तो बाहीने पुसून द्यायचा. पूल दिसावा म्हणून. एकदा पुसताना त्याचा हात माझ्या हाताला लागला आणि आम्ही दोघंही पुढचे तीन थांबे फार मन लावून बाहेर बघत राहिलो. मला तो आवडायला लागला होता. हे लपवण्यात अर्थ नाही, आईने ते पस्तेलांच्या संख्येवरून ओळखलं होतं.

मार्चमध्ये पत्र आलं. खोट्या हजेरीबद्दल सुनावणी, नऊ दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी मी बसमध्ये उभीच राहिले. "सांगितलंत ना शेवटी?"

"मी नाही सांगितलं."

"मग कोणी? बसने?"

"या विषयावर मला बोलता येत नाही, इझौरा."

त्याने पहिल्यांदा माझं नाव घेतलं, आणि तेही अशा दिवशी. मी पुढे जाऊन ड्रायव्हरच्या मागे बसले. नऊ दिवस तिथेच बसले.

सुनावणी घेणाऱ्या मिस ऑल्डरिज साठीतल्या होत्या. त्यांच्यासमोर शाळेच्या दाराची नोंद होती. आमचं दार बटण दाबून उघडतं आणि प्रत्येक वेळी वेळ टिपून ठेवतं, हे माझ्या लक्षातच नव्हतं.

"अकरा मुलं आठ चारला हजर," त्या म्हणाल्या. "दारातून आत आली आठ चौदाला. सांगा."

माझ्या वकिलाने गप्प राहायला सांगितलं होतं. मला ते जमलं नाही. "मी खोटी हजेरी लावली. पण सहा फेब्रुवारीपासून लावलेली नाही. त्या दिवशी नायला नावाची माझी विद्यार्थिनी चुकीच्या थांब्यावर उतरली. तिची आई रडत फोन करत होती आणि आमचं ऑफिस सांगत होतं, मुलगी वर्गात आहे. वीस मिनिटं. माझ्यामुळे. ती सापडली, पण त्या दिवसापासून मी बंद केलं."

"आणि आता?"

"आता ती अकरा मुलं रोज गैरहजर असतात. माझ्यासमोर बसून." मी माझी वही पुढे केली. त्यात रोजची बस किती वाजता पोचली ते लिहिलं होतं. "मला काय करायचं ते करा. पण शाळेची आठची घंटा वीस मिनिटं पुढे न्या."

त्यांनी वहीची पानं उलटली. अगदी शेवटच्या पानापर्यंत.

"तुमच्या फायलीत लेखी ताकीद राहील," त्या शेवटी म्हणाल्या. "घंटेचं मी प्रशासकांशी बोलते."

नोकरी वाचली होती. जीव भांड्यात पडायला हवा होता, पण मला दुसरंच सलत होतं. "प्रूइटनी अजून काय काय कळवलं होतं?"

"प्रूइट?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमची शाळा त्यांच्याकडे जानेवारीपासून नाही. ते विमानतळाजवळच्या शाळेत असतात." त्यांनी फायलीतला एक कागद माझ्याकडे सरकवला. राज्याच्या माणसाला एखाद्या शाळेत कोणी जवळचं असेल तर त्याला तसा फॉर्म भरून त्या शाळेतून बाजूला व्हावं लागतं. तो फॉर्म होता.

कारण: येथील एका शिक्षिकेबाबत मी निष्पक्ष राहू शकत नाही.

नात्याचं स्वरूप: बसमध्ये शेजारी बसतो. तिला माहीत नाही.

तारीख चौदा जानेवारी. आमची भेट झाली होती बारा तारखेला.

मी तो कागद तीनदा वाचला. विमानतळ शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिकडे सहा नंबर जाते, चौदा नाही. म्हणजे दोन महिने हा माणूस रोज सकाळी माझ्या शाळेपर्यंत येत होता आणि कॉफीच्या नावाखाली रस्ता ओलांडून उलट्या बसने परत जात होता.

घंटा पुढच्या सोमवारपासून आठ वीसची झाली. एप्रिलच्या यादीतून आमचं नाव निघालं, एका वर्षापुरतं. पण ते सगळं नंतर. सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी मी बसमध्ये चढले तेव्हा तो चौथ्या सीटवर बसला होता. खांदा ओला.

"इथे गळतं," मी म्हणाले.

"माहीत आहे. बाकीच्या जागांवर मला कोणी ओरडलं नसतं."

"सहा नंबर कुठून सुटते?"

त्याने ओला खांदा पुसला. मग म्हणाला, "माझ्या घरासमोरून."

"मग चौदाने का येतोस?"

"सहामध्ये तू नसतेस."

मी आमच्या नेहमीच्या सीटवर जाऊन बसले आणि खिडकीकडे सरकले. तो आला. काचेवर वाफ होती, ती त्याने बाहीने पुसली. बस पुलावर चढली.

"तुझ्या त्या फॉर्ममध्ये एक चूक आहे," मी म्हणाले.

"कुठली?"

"'तिला माहीत नाही.' ते खोडून टाक."