अंगठा मागणारं टेबल

ही गोष्ट माझ्या सख्ख्या आत्याची आहे. तिखटमीठ लावायची मला सवय नाही आणि हिला त्याची गरजही नाही. ज्याला खोटं वाटेल त्यानं कुपवाडला माझ्या वर्कशॉपवर यावं. टेबल मागच्या खोलीत आहे. फक्त येताना दुपारी बाराच्या आधी यावं.

भुतं रात्री येतात असं तुम्ही ऐकलं असेल.

आमचं भर दुपारी यायचं. कचेरीच्या वेळेत.

साल १९७४. चैत्र महिना. गाव तासगाव. एस.टी. स्टँडसमोरची एक खोली, शेजारी द्राक्षांच्या पेट्या ठोकणाऱ्याचं दुकान.

आत्याचं नाव विजयमाला. नवरा फौजेत हवालदार, एकाहत्तरच्या लढाईत गेला. आत्या सातवी पास होती, अक्षर वळणदार होतं. पण पेन्शनच्या कागदांसाठी ती ज्या खिडकीवर जाई, तिथला माणूस मान वर न करता शाईचा डबा पुढं सरकवायचा.

"बाई, अंगठा द्या."

आत्या डबा परत सरकवायची. "पेन द्या."

मग सही करायची. 'विजयमाला' लिहून शेवटचा काना लांब खाली ओढायची, समोरच्याला दिसावा म्हणून. नवऱ्याचं दुःख होतंच, पण त्या डब्याचा राग तिच्या डोक्यात गेला तो गेलाच. त्या रागापोटीच तिनं तासगावात खोली घेतली आणि अडाणी बायकांचे अर्ज लिहून द्यायला बसली. लोक हसले. आत्या हलली नाही.

फक्त चांगलं टेबल तेवढं नव्हतं.

औंधच्या बाजूला एका गावात जुन्या इनामदाराच्या कचेरीतलं सामान लिलावात निघालं. इनामदारांचं नाव सांगत नाही, त्यांची नातवंडं भली माणसं आहेत. आत्या एस.टी.नं गेली. अंगणात सगळं मांडलं होतं. लंबकाची घड्याळं, वेताच्या खुर्च्या, काचेच्या हंड्या. कोल्हापूरचा एक जुन्या सामानाचा व्यापारी एकेक वस्तू हसत हसत उचलत होता. "एक वार, दोन वार" म्हटलं की बोली वर चढत होती.

मग ते टेबल पुढं आलं.

शिसवी लाकूड. उतरतं झाकण, आत कप्पेच कप्पे. सोबत सगळा सरंजाम होता. पितळी दौत, दोन टाक, टिपकागद लावलेला लाकडी ठोकळा, तळहातानं दाबायची घंटी. आणि अंगठ्याच्या शाईचा पत्र्याचा डबा.

"एक वार..."

कुणी बोललं नाही.

"दोन वार..."

व्यापारी दुसरीकडं बघायला लागला. आत्यानं हात वर केला. आजूबाजूची माणसं तिच्यापासून जरा लांब सरकली, हे तिच्या ध्यानात आलं.

"तीन वार!"

सामान टेम्पोत चढवताना कचेरीचा म्हातारा शिपाई गुंडा जवळ आला. हळूच म्हणाला, "बाय, ह्येच्या बदली दुसरं कायबी घ्या. ह्येच्यावर बसणारा कारकून दुपारचा कवा जेवाय उठला न्हाई. बाराला घंटी मारायचा आन् अंगठं घ्यायचा. लय अंगठं घेतलं त्यानं. मेला बी हितंच. बारालाच."

"मग आता तरी जेवाय गेला असंल की," आत्या म्हणाली.

गुंडा हसला नाही.

टेबल खोलीत आलं. आत्यानं झाडलं, पुसलं. शाईचा डबा राखेनं घासला आणि कोरडा करून खालच्या कप्प्यात टाकला. तिला तो लागणारच नव्हता असं नाही. बहुतेक बायकांना सही येत नव्हती. पण तिचा स्वतःचा नवा डबा होता. हा जुना तिला नको होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मागं मोरीत हात धूत होती.

टिंग...

घंटी.

आत्या बाहेर आली. खोलीत कुणी नव्हतं. शेजारची ठोकाठोकीही थांबली होती, माणसं जेवायला गेली होती. टेबलाजवळ तिची खुर्ची जरा मागं सरकलेली होती... कुणी बसायच्या आधी सरकवतं तशी.

"कोण हाय?"

तिनं खुर्ची परत आत सारली.

तिसऱ्या दिवशी पुन्हा. बरोबर बाराला. त्या दिवशी जुना डबा कप्प्यात नव्हता. टेबलावर होता. झाकण उघडं. परवा कोरडीठाक केलेली आतली गादी...

ओली होती.

निळी, ताजी, चकचकीत.

आणि शेजारच्या कोऱ्या कागदावर, खाली कोपऱ्यात, एक अंगठा उठला होता.

दुसरी कुणी असती तर खोलीला कुलूप लावून माहेरी गेली असती. आत्यानं कागद फाडला, स्टोव्ह पेटवून त्यावर जाळला आणि त्याच स्टोव्हवर चहा ठेवला. पेट्यांच्या दुकानातला कुणीतरी चावटपणा करतोय असं तिनं स्वतःला बजावलं. चहा प्याली तेव्हा कप बशीवर वाजत होता, हेही तिनंच मला सांगितलं. भीती वाटली नाही असं ती कधीच म्हणाली नाही.

पण मग तिच्या हातून चूक झाली.

हरणाबाई आटपाडीच्या बाजूची. मेंढरं राखणारं घर. नवरा आप्पासो वर्षापूर्वी वारला होता आणि त्याच्या हिश्श्याच्या सहा एकरांवर दिरानं आपल्या एकट्याचं नाव लावायचा अर्ज टाकला होता. सुनावणीला दहा दिवस उरले होते. त्याच्या आत हरणाबाईचा अर्ज गेला नाही तर जमीन गेली. दुसरं काही नव्हतं तिच्याकडं. मेंढरंसुद्धा निम्मी बहात्तरच्या दुष्काळात मेली होती.

ती आली तेव्हा पावणेबारा वाजून गेले होते.

"आवं बाई, माजी यष्टी बाराची हाय. ती चुकली तर थेट सांजची. मेंढरास्नी पाणी कोण दावणार?"

"आगं, पण मजकूर लिवाय येळ लागंल."

"मग अंगठा आदी घ्या की. लिवा मागनं. तुमच्यावर इस्वास हाय माजा."

असं सगळेच करायचे. गाडीची वेळ झाली की कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा, मजकूर मागून. आत्यानं कधी केलं नव्हतं. त्या दिवशी केलं. नव्या डब्यातली शाई लावून कोऱ्या कागदावर हरणाबाईचा अंगठा घेतला. हरणाबाई धावत गाडीला गेली.

कागद टेबलावर ठेवून आत्या माठातलं पाणी प्यायला वळली. तांब्या तोंडाला लावला...

टिंग...

आणि मग दुसरा आवाज.

कुर्र... कुर्र... कुर्र...

टाकाचा आवाज. कागदावर चालणाऱ्या टाकाचा.

आत्याला वळता येईना. आवाज थांबेपर्यंत ती माठाकडं तोंड करून उभी राहिली. मग टेबलावरून डुगडुग ऐकू आली. टिपकागदाचा ठोकळा पुढं-मागं डुलत होता.

आपोआप.

कागद भरलेला होता. वरपासून खाली अंगठ्यापर्यंत. ओळी सरळ, अक्षर घोटीव. पण तिला एक शब्द वाचता येईना.

मोडी होती.

दुसऱ्या दिवशी आत्यानं औंध गाठलं. तिथं जोतीराम गुरुजी म्हणून आत्याच्या जुन्या ओळखीचे निवृत्त मास्तर होते, जुने मोडी कागद वाचून द्यायचे. गुरुजींनी चष्मा लावला. दोन ओळी वाचल्या आणि थांबले.

"हा कागद कुठं मिळाला तुला?"

"आदी वाचा तर."

गुरुजींनी वाचलं. "लिहून देणार हरणाबाई, मयत आप्पासोची बायको... राजीखुशीनं लिहून देते की, नवऱ्याच्या हिश्श्याच्या जमिनीवर माझा आता काही हक्क राहिला नाही... मजकूर वाचून दाखवला, ऐकून अंगठा केला..."

आप्पासोचं नाव आत्यानं अजून कुठंही लिहिलं नव्हतं.

"हे अक्षर मी ओळखतो," गुरुजी म्हणाले. "त्या कचेरीतले अशा अक्षराचे पुष्कळ कागद वाचलेत मी. सगळे असेच. अंगठा आधी, मजकूर मागनं. बायकांना घरी गेल्यावर कळायचं की जमीन गेली. पण तो कारकून मरून पस्तीस वर्षं झाली, विजू. शाई बघ... पुसली जातीय अजून."

त्यांच्या बोटाला निळं लागलं होतं. मग आत्यानं त्यांना टेबलाचं सगळं सांगितलं.

"कागद जाळ. टेबल काढून टाक."

"कागद जाळते. टेबल न्हाई."

"वेडी आहेस का?"

"गुरुजी, मी विकलं तर कोन घेईल? माझ्यासारखाच कुनीतरी अर्ज लिवणारा. त्यो गाडीच्या येळंला कोरा अंगठा घेणार, ह्यो मजकूर लिवणार. त्या कागदाला मोडी वाचणारं कोन भेटंल? टेबल माज्यापाशी हाय तवर त्येची मान माज्या हातात हाय."

गुरुजींच्या चुलीत कागद घातल्यावर ती आणखी एक वाक्य बोलली. "माझ्या हातनं झालंय. मीच निस्तरणार."

त्याच आठवड्यात तिनं हरणाबाईला बोलावून घेतलं. मेंढरं बहिणीकडं सोडून ये म्हणाली. सहा दिवस हरणाबाई त्या खोलीत राहिली आणि सहा दिवस आत्यानं तिच्याकडून पाटीवर एकच शब्द गिरवून घेतला. पंचेचाळीस वर्षांची बाई, काठीशिवाय हातात काही न धरलेली. 'ह' उलटा यायचा. 'र' पाटीबाहेर जायचा. 'ण' आला की ती रडायची.

"मला न्हाई जमायचं, बाई."

"जमंल. सहा एकराचा 'ण' हाय त्यो."

सातव्या दिवशी अर्ज लिहून तयार झाला. आत्यानं मुद्दाम वेळ धरली. बाराची. त्याच टेबलावर. हरणाबाईला खुर्चीत बसवलं आणि स्वतः शेजारी उभी राहिली.

शेजारची ठोकाठोकी थांबली.

टिंग...

खालचा कप्पा आपोआप सरकला.

जुना डबा वर आला कसा, ते दोघींनाही दिसलं नाही. होता एवढं खरं. झाकण उघडं, गादी ओली... आणि हरणाबाईचा डावा हात टेबलावरून त्याच्याकडं सरकायला लागला.

"बाई... माजा हात... कुनीतरी वडतंय..."

तिच्या मनगटावर पाच बोटांचे खळगे पडले होते. दाबणारी बोटं दिसत नव्हती.

अंगठा गादीला टेकला. निळा झाला. कागदाकडं वळला...

आत्यानं दोन्ही हातांनी ते मनगट धरलं आणि मागं ओढलं. समोरून कुणीतरी ताकदीनं ओढत होतं. आत्याही शेतात राबलेली होती. तिनं पाय टेबलाला लावला आणि रिकाम्या जागेकडं बघून ओरडली, "आरं ये कारकुना! लय अंगठं घेतलंस. हितं अंगठा मिळायचा न्हाई. सई मिळंल. बघायची असंल तर गप हुबा ऱ्हा आन् बघ, न्हाईतर जेवाय जा!" मग खाली वळून म्हणाली, "हरणे, उजवा हात मोकळा हाय तुजा. लिव!"

हरणाबाईनं पेन धरलं.

ह...

टेबल थडथडायला लागलं. दौत कलंडली.

र...

घंटी वाजत सुटली. टिंग टिंग टिंग टिंग...

णा...

त्या 'ण'ला तिनं श्वास रोखला. मग बा. मग ई. वाकडीतिकडी, चढत गेलेली, पण पूर्ण सही.

घंटी थांबली.

मनगट सुटलं. दोघी मागं भिंतीवर आपटल्या. मग खोलीत पावलं वाजली, करकरणाऱ्या जुन्या वहाणांची. दारापर्यंत गेली...

आणि दारातच थांबली. बाहेर गेली नाहीत.

अर्ज त्याच दुपारी दाखल झाला. सहा एकरांवर हरणाबाईचं नाव लागलं. सातबारा घ्यायला ती गेली तेव्हा खिडकीतल्या माणसानं डबा पुढं सरकवला. तिनं तो परत सरकवला. ही हकिगत मला हरणाबाईनंही सांगितली आहे. दोघींच्या सांगण्यात कुठंही फरक नव्हता.

पुढं बावीस वर्षं आत्या त्याच टेबलावर बसली. कोरा कागद तिनं पुन्हा कधी टेबलावर ठेवला नाही आणि तिथं कुणाचा अंगठा घेतला नाही. येईल त्या बाईला आधी पाटी द्यायची. घंटी रोज बाराला वाजायची. आत्या मान वर न करता म्हणायची, "बस गप."

आत्या शहाण्णव साली गेली. टेबल माझ्याकडं आलं. मी लेथवर काम करणारा माणूस, मला टेबलाचं काय करायचं? मागच्या खोलीत ठेवून दिलं. घंटी मी आजवर ऐकलेली नाही. वर्कशॉपच्या आवाजात ऐकू येत नसेल, असं म्हणतो.

गेल्या वर्षी एका दुपारी, बाराच्या जरा आधी, पुण्याहून जुन्या सामानाचा एक व्यापारी आला. लिलावात ठेवतो म्हणाला, चांगली बोली लागेल. खरं सांगतो, मला मोह झाला. कच्ची पावती करायला मी कोरा कागद टेबलावर ठेवला आणि चहा सांगायला दोघं बाहेर गेलो. दहा मिनिटं गेली असतील.

परत आलो. कागदाच्या खाली कोपऱ्यात...

निळा अंगठा.

वर मोडीची एकच ओळ. अर्ध्यात थांबलेली.

आणि अंगठ्यावरून, ओळीवरून, सगळ्यावरून आडवी फराटलेली एक सही. विजयमाला. शेवटचा काना लांब, कागदाच्या खालच्या कडेपर्यंत ओढलेला.

दोन्हींची शाई ओली होती.

व्यापाऱ्याला मी चहा पाजला आणि परत पाठवलं. लोक म्हणतात, काढून टाक ते टेबल. कसं काढू? आत्या अजून त्याच्यावरून उठलेली नाही.